दिवा लाव, दार लाव

दिवा लाव म्हटलं की उजेड होतो आणि दार लाव म्हटलं की दार बंद होतं. गाणं लाव म्हटलं की सूर सुरू होतात, कुकर लाव म्हटलं की डाळतांदूळ धुण्यापासून सगळं ओघानं आलं, आणि झाड लाव म्हटलं की आधी खड्डा खणावा लागतो. तीन-चार वर्षांचं मराठी पोर हा एकच ‘लाव’ या सगळ्या अर्थांनी वापरतं. त्याला कुणी व्याकरण शिकवलेलं नसतं. ‘वाढव’चंही तसंच. आवाज वाढव म्हणजे मोठा कर, नारळ वाढव म्हणजे फोड. देवापुढचा दिवा ‘विझव’ असं जुनी माणसं म्हणत नाहीत. ती ‘मालव’ म्हणतात किंवा ‘शांत कर’ म्हणतात. कारण घरात उच्चारलेल्या शब्दाला वजन असतं, अशी त्यांची श्रद्धा.

अशा घरात टीव्हीशेजारी किंवा ओट्याच्या कडेला वाटीएवढं एक यंत्र येऊन बसलं आहे. त्याला नावानं हाक मारायची आणि काम सांगायचं. ॲमेझॉनचा इको स्पीकर भारतात ऑक्टोबर २०१७ मध्ये आला, गूगल होम एप्रिल २०१८ मध्ये. इकोमधून बोलणारी अलेक्सा भारतात आली ती इंग्रजी बोलत. हिंदी तिला सप्टेंबर २०१९ मध्ये यायला लागली. फोनमधल्या गूगल असिस्टंटला मराठी २०१८ मध्ये मिळाली, पण खोलीतल्या स्पीकरशी बहुतेक मराठी घरं हिंदीत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलत आली आहेत. म्हणजे ‘दिवा लाव’ म्हणणाऱ्या आजीला आधी ‘टर्न ऑन द लाइट’ शिकावं लागलं. यंत्राची सवय होणं म्हणतात ते इथून सुरू होतं, आणि सुरुवातीला तरी सगळी तडजोड माणसाच्याच वाट्याला येते.

हाकेला ओ देणारं यंत्र ही कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘रेडिओ रेक्स’ नावाचं खेळणं विकायला होतं. छोट्याशा घरट्यात एक कुत्रा. ‘रेक्स’ अशी हाक मारली की तो टुणकन बाहेर उडी मारायचा. आत एक स्प्रिंग होती आणि तिला अडवून धरणारं विद्युतचुंबक. ‘रेक्स’मधल्या ‘ए’ या स्वरात सेकंदाला पाचशे कंपनांच्या आसपास जोर असतो. तेवढ्या कंपनांनी आतला संपर्क हलायचा, प्रवाह तुटायचा, चुंबक सुटायचं आणि कुत्रा बाहेर. शब्द त्याला कळत नव्हताच, फक्त एक कंपन कळत होतं. आणि ते कंपन होतं प्रौढ पुरुषाच्या आवाजातलं. लहान मुलाच्या गळ्यातून तोच स्वर अधिक उंचीवर निघतो, त्यामुळे ज्या मुलांसाठी खेळणं घेतलं त्यांच्या हाकेला कुत्रा हमखास ओ देईलच असं नव्हतं.

या खेळण्यातली खोच पुढच्या शंभर वर्षांत सुटलेली नाही. यंत्राला कुणाची हाक ऐकू येते? ज्याच्या आवाजावर ते बसवलं, त्याची.

१९५२ साली बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ तयार झाली. माणसाच्या उंचीची मांडणी भरून यंत्रसामग्री, आणि ओळखायची ती शून्य ते नऊ एवढेच अंक. तेही ठरावीक माणसानं, मध्ये थांबत थांबत म्हटले तर. नवा माणूस बोलायला आला की यंत्र पुन्हा जुळवून घ्यावं लागे. दहा वर्षांनी, १९६२च्या सिएटल इथल्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमनं ‘शूबॉक्स’ मांडला. तो सोळा शब्द ओळखायचा: दहा अंक आणि ‘प्लस’, ‘मायनस’, ‘टोटल’ यांसारखे सहा हुकूम. सत्तरच्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर मोठी मोहीम निघाली आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘हार्पी’नं १०११ शब्दांचा पल्ला गाठला. तिथल्या संशोधनाचे धुरीण होते राज रेड्डी, आंध्रातल्या कातूर गावचे. १९९४ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तेलुगू घरात वाढलेल्या माणसानं यंत्राला इंग्रजी ऐकायला शिकवलं, ही या शास्त्राच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

त्यानंतर नियम सांगण्याची पद्धत मागे पडली आणि उदाहरणं देण्याची आली. अमुक ध्वनीनंतर तमुक ध्वनी येण्याची शक्यता किती, हे यंत्र हजारो तासांच्या बोलण्यातून स्वतः मोजू लागलं. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोनबरोबर ‘सिरी’ आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत पहिला इको. फोन हातात घ्यावा लागतो, इको नुसता खोलीत असतो. हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे, कारण खोलीत पंखा असतो, टीव्ही असतो, कुकरची शिट्टी असते, आणि बोलणारा माणूस दहा फुटांवर पाठ करून भांडी लावत असतो.

म्हणून पहिल्या इकोच्या माथ्यावर एक सोडून सात मायक्रोफोन होते. आवाज प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो. या सूक्ष्म फरकावरून तो कोणत्या दिशेनं आला हे काढता येतं आणि त्या दिशेचं बोलणं उचलून बाकीचा गलका दाबता येतो. स्पीकर स्वतः गाणं वाजवत असेल तर ते त्याला ठाऊक असतंच. ऐकलेल्या आवाजातून तेवढं वजा केलं जातं. यंत्र सतत कान देऊन असतं ते एकाच गोष्टीसाठी, स्वतःच्या नावासाठी. ही राखण घरातल्या घरात, त्याच्याच चिपवर चालते. मागचे काही क्षण साठवायचे, नाव आलं नाही की पुसायचे. नाव ऐकू आलं की दिवा निळा होतो आणि पुढचं वाक्य इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातं. तिथे आवाजाचा मजकूर होतो, मजकुरातून काम आणि वस्तू वेगळी काढली जाते: काम ‘चालू करणे’, वस्तू ‘हॉलचा दिवा’. मग हुकूम परत येतो. हा सगळा फेरा साधारण एक-दोन सेकंदांचा.

अलेक्सा हे नाव इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया इथल्या प्राचीन ग्रंथालयावरून सुचलेलं, पण ते पक्कं झालं त्यातल्या ‘क्स’मुळे. असा कठीण जोड रोजच्या बोलण्यात कमी येतो, म्हणून यंत्राला तो वेगळा काढता येतो. तरी फसगत होतेच. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये या यंत्रांना तासन्‌तास मालिका आणि बातम्या ऐकवल्या आणि चुकून जागं करणारे हजाराहून अधिक शब्दसमूह गोळा केले. ‘इलेक्शन’ ऐकून अलेक्सा जागी व्हायची, ‘ओके कूल’ ऐकून गूगल. जानेवारी २०१७ मध्ये तर अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये निराळाच प्रकार झाला. डॅलसच्या एका लहान मुलीनं अलेक्साला सांगून बाहुलीचं घर मागवल्याची बातमी स्थानिक वाहिनीवर चालू होती. निवेदकानं कौतुकानं त्या मुलीचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि प्रेक्षकांच्या घरातल्या यंत्रांनी ते मनावर घेतलं. बाहुलीचं घर मागवण्याचा प्रयत्न झाल्याच्या तक्रारी वाहिनीकडे आल्या. खरेदीला चार आकडी पिन लावण्याची सोय आहे. लहान मुलं असलेल्या घरात यंत्र जोडलं त्याच दिवशी ती लावलेली बरी.

पहिल्या आठवड्यात घरोघरी जवळपास एकच नाटक घडतं. यंत्राला कळलं नाही की माणूस आवाज चढवतो, शब्द तोडतो, प्रत्येक अक्षर ओढतो. ‘प्ले... सुधीर... फडके!’ बहिऱ्या माणसाशी बोलताना आपण असंच करतो आणि तिथे त्याचा उपयोगही होतो. यंत्राच्या बाबतीत उलट घडतं. अमेरिकी संशोधक शॅरन ओव्हिएट यांनी नव्वदच्या दशकात या सवयीचा बारकाईनं अभ्यास केला. चूक झाल्यावर माणूस लांबवून, थांबत, ठासून बोलतो. यंत्र मात्र शिकलेलं असतं नेहमीच्या ओघवत्या बोलण्यावर. मग दुसऱ्यांदा कळण्याची शक्यता आणखी घटते आणि माणूस आणखी ओरडतो. यावर उपाय साधा आहे. आवाज न चढवता, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं पुन्हा म्हणायचं. तरी जमलं नाही तर तोच शब्द न घोटता दुसरा वापरायचा. आणि यंत्र मिक्सर किंवा टीव्हीला चिकटून ठेवायचं नाही, भिंतीपासूनही थोडं लांब ठेवायचं.

दुसरी अडचण आपल्या घरांची खास आहे, ती भिंतीवरच्या बटणांची. खोलीतून बाहेर पडताना दिव्याचं बटण बंद करायचं, हा मराठी घरातला पक्का संस्कार. विजेचं बिल ज्यांनी आयुष्यभर जपून भरलं त्या आजोबांचा हात आपोआप तिकडे जातो. पण आवाजावर चालणारा बल्ब बटण चालू असतानाच जिवंत असतो. बटण बंद केलं की त्याच्या आतला वायफायचा भाग मेला. मग संध्याकाळी कितीही हाका मारा, यंत्र ‘उपकरण प्रतिसाद देत नाही’ एवढंच सांगणार. घरात यावरून खटके उडतात, आणि चूक आजोबांची नसते. ज्या घरात अनेक हात बटणाला लागतात तिथे बल्ब बदलण्यापेक्षा बोर्डाच्या आत बसणारं स्मार्ट मॉड्यूल इलेक्ट्रिशियनकडून लावून घेणं शहाणपणाचं. मग बटणही चालतं आणि हाकही.

गीझरचंही भान ठेवावं लागतं. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. त्याला सहा अँपिअरचा स्वस्त स्मार्ट प्लग लावला तर तो तापून वितळू शकतो. तिथे सोळा अँपिअरचाच हवा. शिवाय बहुतेक प्लग आणि बल्ब २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायलाच जोडले जातात. नवा राउटर हा पट्टा आणि त्याहून वेगवान दुसरा पट्टा एकाच नावाखाली देतो आणि कधी कधी जोडणी अडते. आणि वीज गेली की सगळंच मुकं. आली तरी राउटर सुरू होऊन इंटरनेट जोडलं जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. भारनियमन असलेल्या गावात देवघरातला दिवा या यंत्राच्या हवाली करण्यात अर्थ नाही.

वस्तूंना नावं देणं हे काम किरकोळ वाटतं, पण सवय लागणार की यंत्र कपाटात जाणार हे बरंचसं त्यावर ठरतं. ‘हॉल लाइट वन’, ‘हॉल लाइट टू’ अशी नावं ॲप स्वतः सुचवतं आणि ती चार दिवसांत कुणाला आठवत नाहीत. घरात जे म्हणतात तेच नाव द्यावं: ‘झोपाळा’, ‘माजघर’, ‘देवघर’. हुकूम इंग्रजी असला तरी वस्तूचं नाव मराठी ठेवता येतं, आणि बोलून पाहिल्यावर यंत्राला कळत नसेल तर बदलता येतं. दिवेलागणीही शिकवता येते. ठरावीक वेळेऐवजी सूर्यास्त हाच इशारा ठेवण्याची सोय या यंत्रांमध्ये आहे. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सातवीसच्या आसपास. सव्वा तासाहून थोडा मोठा हा हेलकावा यंत्र स्वतः सांभाळतं, आणि तिन्हीसांजेला अंगणातला दिवा लागलेला असतो.

मराठी ऐकायची तर यंत्रापुढे कसोट्या बऱ्याच आहेत. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थानं एका ‘ज’नं उच्चारतात आणि ‘शंभर वर्षं जग’ म्हणताना दुसऱ्या. लिपी दोन्हीकडे एकच. वेळ सांगताना साडेसात, पावणेआठ, सव्वापाच, दीड, अडीच. ‘परवा’ पुढचाही असतो आणि मागचाही. त्यात बोलण्यात इंग्रजी मिसळलेली: ‘बेडरूमचा फॅन जरा स्लो कर ना.’ हे वाक्य मराठी आहे यात कुणालाही शंका नाही, पण एका भाषेच्या शब्दकोशावर पोसलेलं यंत्र त्यापुढे अडखळतं.

यंत्र मराठी बोलू लागलं की त्याहून नाजूक प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत ‘आय ॲम टर्निंग ऑन द लाइट’ हे वाक्य बाईचंही असतं आणि पुरुषाचंही. मराठीत ‘लावते’ की ‘लावतो’ हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. हरकाम्या यंत्राला मुळात बाईचाच आवाज का, असा प्रश्न युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानं विचारला होता. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये काही जणांनी ‘क्यू’ नावाचा, बाईचा किंवा पुरुषाचा न वाटणारा आवाजही घडवला. मराठीत नुसता आवाज मधला करून भागत नाही, क्रियापद लगेच बाजू घेतं. वाट मात्र भाषेतच आहे. ‘मी दिवा लावला’ यातला ‘लावला’ दिव्याचं लिंग घेतो, बोलणाऱ्याचं नाही. ‘आठवण करीन’ हा भविष्यकाळही लिंग सांगत नाही. काम झाल्यावर किंवा होण्याआधी बोललं तर मराठी यंत्र कुणाचंही रूप न घेता बोलू शकेल. अशा यंत्राची वाक्यं रचायला मराठीचा जाणकार शेजारी बसवायला हवा. इंग्रजी वाक्यं अनुवादाच्या गिरणीतून काढली तर ही सोय कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मुलांच्या जिभेचाही विचार आहे. ‘लाव’, ‘लावा’, ‘लावशील का’, ‘लाव ना गं’ या पायऱ्या मराठी मूल माणसांत राहून शिकतं. यंत्राला नुसता हुकूम पुरतो. पालकांच्या तक्रारींनंतर २०१८ मध्ये ॲमेझॉन आणि गूगल या दोघांनीही ‘प्लीज’ म्हणणाऱ्या मुलांना शाबासकी देण्याची सोय केली. ‘प्लीज’च्या जागी ‘ना’ आणि ‘गं’ ओळखणारी सोय मराठी घरात शोभेल.

आता कानांचा प्रश्न. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या एका दांपत्याचं घरगुती बोलणं त्यांच्या इकोनं ध्वनिमुद्रित करून ओळखीच्या माणसाला पाठवलं. कंपनीच्या खुलाशानुसार यंत्रानं लागोपाठ चुकीचं ऐकलं: आधी स्वतःचं नाव, मग ‘संदेश पाठव’, मग कुणाला पाठवायचं ते, आणि शेवटी होकार. एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्गनं बातमी दिली की ध्वनिमुद्रणांचे काही नमुने ॲमेझॉनचे कर्मचारी ऐकतात. त्या उन्हाळ्यात गूगल आणि ॲपलबद्दलही तेच उघड झालं. मुलांची ध्वनिमुद्रणं जपून ठेवल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३ मध्ये ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलरचा दंड लावला. अमेरिकेत काही इको यंत्रांवर ‘आवाज बाहेर पाठवू नका’ असा पर्याय होता. २८ मार्च २०२५ पासून तोही काढून घेतला गेला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि दोनच महिन्यांत इको बाजारात आला. २०२३च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली. पण घरात फक्त मालक आणि मुलं नसतात. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी असतात, भिशीला आलेल्या मैत्रिणी असतात, आजारी काकांची सेवा करणारा मुलगा असतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. यंत्रावर मायक्रोफोन बंद करण्याचं बटण असतं. ते दाबल्यावर इकोचा दिवा लाल होतो. पाहुणे आले की ते दाबणं आणि महिन्याकाठी ॲपमधलं जुनं मुद्रण पुसणं ही दार ओढून घेण्याइतकीच साधी शिस्त आहे. झोपायच्या खोलीत यंत्र न ठेवणं ही त्याहून चांगली.

एवढं सांभाळूनही हे यंत्र घरात यावं असं वाटायला कारण आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना घड्याळ, बातम्या, गाणी आणि फोन यांसाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही. कंपवातानं ज्यांची बोटं थरथरतात त्यांना फोनचा काचेचा पडदा वैऱ्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी ‘मुलीला फोन लाव’ एवढं वाक्य पुरतं. रात्री बिछान्यावरून न उठता दिवा लागला तर अंधारात पडून मांडीचं हाड मोडण्याचा एक धोका टळतो. म्हातारपणी ही चैन उरत नाही, गरज होते.

आणि नेमकं याच लोकांचं बोलणं यंत्राला कमी कळतं. अर्धांगवायूनंतर जीभ जड झालेली असते, कवळीमुळे ‘स’ घसरतो, श्वास पुरत नाही. असं बोलणं गोळा करण्यासाठी गूगलनं २०१९ मध्ये ‘युफोनिया’ हा प्रकल्प जाहीर केला. आजारी आणि म्हाताऱ्यांपुरतंच हे नाही. २०२०च्या एका अमेरिकी अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरात सुमारे एकोणीस शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात पस्तीस. कारण साधं: शिकताना त्यांचा आवाज पुरेसा ऐकवलाच नव्हता. रेक्सच्या घरट्यापासून इथवर तीच गोष्ट चालत आली आहे.

मराठीसाठी आवाज गोळा करण्याचं काम सुरू झालं आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर कुणीही मराठी वाक्यं वाचून देऊ शकतं आणि दुसऱ्यांची तपासू शकतं. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ची ‘भाषादान’ ही सोय तशीच. मद्रास आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’नं बावीस भारतीय भाषांचं बोलणं जमवलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांत जातो, पण लोकांना वाक्य वाचायला देत नाही. चित्र दाखवतो आणि जे दिसतं ते आपल्या बोलीत सांगा म्हणतो. वाचून दाखवताना माणूस पुस्तकी होतो, चित्र पाहून बोलताना घरच्यासारखा बोलतो. तिथे मालवणातली म्हातारी दिव्याचं चित्र पाहून ‘दिवो’ म्हणेल आणि नातवाला सांगावं तसं ‘दिवो लाय’ म्हणेल, आणि ते तसंच्या तसं मुद्रित होईल.